नकोसा मजकूर आणि नकोशी मुलगी : शोधयंत्रांवरील लिंगनिवडविषयक बंदीची चिकित्सा

प्रस्तावना

इंटरनेटवरील नकोसा मजकूर शोधयंत्राच्या फलितांतून काढून टाकावा, ही मागणी आज दोन बाजूंनी पुढे येते. पहिली मागणी व्यक्तीची असते. आपल्या नावाशी जोडली गेलेली जुनी बातमी, निर्दोष सुटल्यानंतरही मागे लागलेला खटला किंवा संमतीविना पसरविलेले छायाचित्र यांतून तिला सुटका हवी असते. दुसरी मागणी समाजाच्या वतीने केली जाते. जो मजकूर कायद्यानेच निषिद्ध ठरविला आहे, तो शोधयंत्राने वाचकापुढे ठेवू नये, असे तिचे म्हणणे असते. भारतात या दुसऱ्या मागणीची मोठी न्यायालयीन परीक्षा झाली ती 'साबू मॅथ्यू जॉर्ज विरुद्ध भारत सरकार' या प्रकरणात. गर्भलिंगनिदान आणि लिंगनिवड यांच्या जाहिराती गुगल, याहू व मायक्रोसॉफ्ट यांच्या शोधयंत्रांवर दिसतात, ही तक्रार घेऊन २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेली ही याचिका २०१७ च्या डिसेंबरमध्ये निकाली निघाली.

या प्रकरणातील आदेशांचा विचार बहुधा तंत्रज्ञान आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य या दोनच अंगांनी केला जातो. ज्या प्रदेशातील मुलींसाठी हा कायदा अस्तित्वात आला, त्या प्रदेशाच्या बाजूने या आदेशांकडे पाहण्याची गरज आहे. प्रस्तुत लेखात मराठवाड्याच्या, त्यातही नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या संदर्भात या आदेशांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न आहे. न्यायालयाच्या हेतूविषयी येथे शंका घेतलेली नाही. प्रश्न आहे तो साधनाचा. शोधफलातून मजकूर वगळणे हे साधन कोणत्या हानीवर चालते आणि कोणत्या हानीवर चालत नाही, याचा विवेक या आदेशांत पुरेसा झाला आहे काय, एवढाच तो प्रश्न आहे.

वगळणे म्हणजे काय?

शोधयंत्र स्वतः मजकूर लिहीत नाही. ते महाजालावरील पाने फिरून वाचते, त्यांची सूची तयार करते आणि वाचकाने शब्द टंकला की त्या सूचीतील पाने एका क्रमाने मांडते. त्या क्रमाच्या वर किंवा शेजारी पैसे देऊन लावलेल्या जाहिराती असतात. म्हणजे शोधयंत्राच्या एकाच पडद्यावर दोन भिन्न गोष्टी असतात. जाहिरातीसाठी कंपनी पैसे घेते आणि ती कोणाला दाखवायची हे ठरविते. शोधफल मात्र केवळ सूचीतील नोंद असते. शोधफल काढले तरी मूळ पान जिथल्या तिथे राहते. ग्रंथालयाच्या तालिकेतून पत्रक काढून घेतल्याने कपाटातील ग्रंथ नाहीसा होत नाही, तसाच हा प्रकार आहे.

हा फरक युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ च्या 'गुगल स्पेन' निकालात नेमका ओळखला होता. 'ला व्हॅन्ग्वार्दिया' या स्पॅनिश दैनिकात १९९८ मध्ये एका गृहस्थाच्या थकबाकीपोटी होणाऱ्या लिलावाच्या सूचना प्रसिद्ध झाल्या होत्या. प्रकरण मिटून बरीच वर्षे लोटली तरी त्यांचे नाव शोधले की त्याच सूचना पुढे येत. न्यायालयाने वृत्तपत्राच्या पानाला हात लावला नाही. नावाने शोधल्यावर येणाऱ्या फलितांतून तो दुवा वगळावा, एवढेच शोधयंत्राला सांगितले.

हे साधन तेथे उपयोगी का ठरले, हे समजून घेणे पुढील चिकित्सेसाठी आवश्यक आहे. नावाशी चिकटलेल्या मजकुराची हानी सहज शोधणाऱ्या माणसामुळे होते. नोकरी देणारा, घर भाड्याने देणारा किंवा सोयरीक जुळवणारा नाव टंकून पाहतो, पहिल्या पानावर जे दिसते तेवढे वाचतो आणि मत बनवितो. असा माणूस खोलात जात नाही. त्यामुळे वाटेवरची पाटी काढली की त्याची वाट संपते आणि हानी बरीचशी थांबते. याउलट ज्याला काही मिळवायचेच आहे, असा निर्धाराने शोधणारा माणूस पाटी नसली तरी विचारत विचारत पोहोचतो. शोधफलातून वगळणे सहज शोधणाऱ्याला अडविते, निर्धाराने शोधणाऱ्याला नाही. साबू जॉर्ज प्रकरणातील आदेश याच कसोटीवर तपासून पाहावे लागतात.

कायद्याची वाटचाल

या विषयात महाराष्ट्राचे स्थान आघाडीचे आहे. मुंबईत १९८६ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध मंच उभा राहिला आणि त्याच्या चळवळीतून १९८८ चा राज्य कायदा झाला. देशातील तो पहिला कायदा होय. पुढे १९९४ मध्ये केंद्रीय कायदा झाला व १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला. अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० मध्ये मुंबईची 'सेहत', पुण्याची 'मासूम' व डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

या कायद्याचे कलम २२ जाहिरातीविषयी आहे. जाहिरात करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. जाहिरातीच्या व्याख्येत सूचना, परिपत्रक, वेष्टन, फलक आणि भिंतीवरील रंगकाम यांचा समावेश आहे. प्रकाश, ध्वनी, धूर किंवा वायू यांच्या योगे केलेले दृश्य प्रदर्शनही त्यात येते. २००३ च्या दुरुस्तीने त्यात इंटरनेटचा स्पष्ट उल्लेख आला. एवढ्या विस्तृत व्याख्येमागे अनुभव होता. गर्भजलपरीक्षेच्या जाहिराती एकेकाळी उघडपणे लागत आणि पुढच्या हुंड्याच्या खर्चाशी आजच्या तपासणीच्या खर्चाची तुलना त्यांत निर्लज्जपणे केलेली असे.

आदेशांचे स्वरूप

प्रकरणातील आदेश टप्प्याटप्प्याने कठोर होत गेले. २८ जानेवारी २०१५ रोजी न्यायालयाने कलम २२ चा भंग करणाऱ्या जाहिराती दाखवू नयेत व असतील त्या काढून घ्याव्यात, असे तिन्ही कंपन्यांना सांगितले. १९ सप्टेंबर २०१६ च्या आदेशात विशिष्ट शब्द टंकल्यावर आपोआप अडवणूक व्हावी, ही व्यवस्था आली आणि अशा शब्दांची यादीही नोंदविली गेली. १६ नोव्हेंबर २०१६ रोजी केंद्र शासनाने मध्यवर्ती यंत्रणा नेमावी, तिच्याकडून तक्रार कळताच शोधयंत्राने ३६ तासांत मजकूर काढावा व तसे यंत्रणेस कळवावे, असे ठरले. २०१७ मध्ये कंपन्यांनी अंतर्गत तज्ज्ञ मंडळ नेमून असा मजकूर स्वतःहून शोधून काढावा, असे सांगण्यात आले. १३ एप्रिल २०१७ रोजी न्यायालयाने खुलासा केला की, सरसकट माहितीवर बंदी नाही. कलम २२ चा भंग करणारी जाहिरातच निषिद्ध आहे. १३ डिसेंबर २०१७ रोजी मध्यवर्ती यंत्रणा व तज्ज्ञ समितीने कंपन्यांसमवेत बैठक घेऊन उपाय ठरवावेत, असे सांगून याचिका निकाली काढण्यात आली.

येथे एक कायदेशीर पेच लक्षात घेण्याजोगा आहे. २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल' निकालात याच न्यायालयाने मध्यस्थ कंपन्यांविषयी वेगळी भूमिका घेतली होती. पालघरमधील २०१२ च्या अटकप्रकरणानंतर उभ्या राहिलेल्या त्या याचिकेत न्यायालयाने असे ठरविले की, न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना आल्यावरच मध्यस्थाने मजकूर काढावा. कोणता मजकूर बेकायदेशीर हे त्याने स्वतः ठरवीत बसू नये. साबू जॉर्ज प्रकरणात मात्र ते ठरविण्याचे काम कंपन्यांच्याच अंतर्गत मंडळावर सोपविले गेले. विषयाचे गांभीर्य पाहता अपवाद समजण्याजोगा आहे. पण तो अपवाद का व कोठपर्यंत, याची मांडणी आदेशांत सविस्तर झालेली नाही.

पहिला आक्षेप : जाहिरात आणि माहिती

पैसे देऊन लावलेल्या जाहिरातीवरील बंदी सर्वथा योग्य आहे. जाहिरात सहज पाहणाऱ्यासाठी असते. ज्याच्या मनात विचार आलेला नाही, त्याच्या मनात ती तो आणते आणि निषिद्ध गोष्टीला बाजारातील सर्वसाधारण वस्तूचे रूप देते. म्हणून २०१५ चा आदेश वर सांगितलेल्या कसोटीवर पूर्णपणे उतरतो. कंपनीने त्यासाठी पैसे घेतलेले असल्यामुळे मध्यस्थ म्हणून हात झटकण्यासही तेथे जागा नाही.

शब्दांवर आधारलेली अडवणूक मात्र वेगळी आहे. गर्भाचे लिंग जाणून घेण्याचा निर्धार केलेले कुटुंब शोधयंत्रावर अवलंबून नसते. ओळखीचा, नात्यातला किंवा मध्यस्थ हाच त्याचा मार्ग असतो. अडवणुकीचा फटका बसतो तो सहज शोधणाऱ्याला. यात कायदा जाणून घेऊ पाहणारी सून येते, तक्रार कोठे करावी हे शोधणारी आशा कार्यकर्ती येते, तसेच नायगावसारख्या तालुक्याच्या गावी प्रकल्पासाठी माहिती जमविणारा पदवीचा विद्यार्थीही येतो. लिंगनिवड करणारा आणि लिंगनिवडीविरुद्ध लढणारा हे दोघेही तेच शब्द टंकतात. शब्दाला हेतू कळत नाही. १३ एप्रिल २०१७ चा खुलासा याच अडचणीची कबुली होय. परंतु तो येईपर्यंत शब्दांची यादी आदेशाचा भाग बनली होती.

दुसरा आक्षेप : भाषा

२०१६ च्या आदेशातील शब्दांची यादी इंग्रजी आहे. मराठवाड्यातील कुटुंबाची इच्छा मात्र मराठीत व्यक्त होते. 'मुलगा होण्यासाठी उपाय' हे शब्द टंकणाऱ्याला इंग्रजी यादीचा अडसर लागत नाही. शिवाय या शब्दांमागे येणारा मजकूर नेहमी दवाखान्याची जाहिरात नसतो. त्यात औषधी वनस्पती असते, तिथी असते, आहार असतो, व्रत असते आणि प्रवचनही असते.

हा प्रश्न काल्पनिक नाही. कीर्तनकार निवृत्ती महाराज इंदुरीकर यांच्या कीर्तनातील सम-विषम तिथीविषयक विधानाची चित्रफीत यूट्यूबवर प्रसारित झाल्यावरून २०२० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील आरोग्य यंत्रणेने त्यांना नोटीस दिली व पुढे संगमनेर न्यायालयात प्रकरण दाखल झाले. सत्र न्यायालयाने २०२१ मध्ये ती कार्यवाही रद्द केली. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने सत्र न्यायालयाचा आदेश बाजूला सारून कार्यवाही पुन्हा सुरू केली. त्यातील दोषादोषाची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, कीर्तनातील विधान ही कलम २२ च्या अर्थाने जाहिरात होते काय, या प्रश्नावर दोन न्यायालयांची मते भिन्न झाली. जेथे दोन न्यायालयांत एकमत होत नाही, तेथे शब्दांची यादी घेऊन बसलेले यंत्र किंवा मराठी न जाणणारे अंतर्गत मंडळ योग्य निर्णय कसा करणार? जिल्ह्याच्या यंत्रणेने नोटीस देणे, न्यायालयाने उभय बाजू ऐकणे आणि वरिष्ठ न्यायालयाने ते तपासणे हा मार्ग संथ आहे; पण मजकुराचा अर्थ त्याच्या भाषेत लावला जातो तो याच मार्गाने.

तिसरा आक्षेप : नोंद

गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याचा कणा नोंद हा आहे. सोनोग्राफी केंद्राला प्रत्येक गर्भवतीसाठी 'फॉर्म एफ' भरावा लागतो. त्यातील उणीव हीदेखील कायद्याच्या दृष्टीने गंभीर बाब आहे, आणि ३ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाची याचिका फेटाळताना ही कठोरता कायम ठेवली. नोंद नसेल तर गुन्हा शोधताच येत नाही, हे त्यामागील सूत्र आहे व ते योग्यच आहे.

हेच सूत्र शोधयंत्रांना मात्र लागू झालेले दिसत नाही. कोणता मजकूर काढला, कोणत्या कारणाने काढला, चुकून काढला असल्यास दाद कोठे मागावी, याची जनतेला पाहता येईल अशी नोंद ठेवण्याचे बंधन या आदेशांत आढळत नाही. मध्यवर्ती यंत्रणेला कळविणे म्हणजे जनतेला कळविणे नव्हे. काही कंपन्या शासकीय मागण्यांचे संख्यात्मक अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करतात. पण संख्येवरून कारण कळत नाही. तालुक्याच्या गावातील डॉक्टरला एका तपासणीमागे एक अर्ज भरावा लागतो आणि कोट्यवधी लोकांना काय दिसेल हे ठरविणाऱ्या कंपनीला मात्र तेवढीही नोंद उघड करावी लागत नाही, ही विसंगती आहे.

मराठवाड्याचा पुरावा

शोधफल स्वच्छ झाले म्हणजे समाजातील अपराध घटला, असे मानण्याचा मोह होतो. मराठवाड्याचे आकडे त्याविरुद्ध इशारा देतात. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ९१३ होते. ते २०११ मध्ये ८९४ झाले. याच काळात नांदेड जिल्ह्यात ते ९२९ वरून ९१० वर, लातूरमध्ये ९१८ वरून ८८९ वर आणि बीडमध्ये ८९४ वरून ८०७ वर आले. त्या दशकात मराठवाड्याच्या खेड्यांतून घरोघरी इंटरनेट पोहोचलेले नव्हते. मुली नाहीशा झाल्या त्या सोनोग्राफी यंत्र, मध्यस्थ, कानोकानी पसरणारी माहिती आणि घरातील मूक संमती यांच्यामुळे. २०१२ मध्ये परळी येथे एका स्त्रीच्या मृत्यूनंतर जे प्रकरण उघडकीस आले, त्यालाही जाहिरातीची गरज पडलेली नव्हती. लोकांना पत्ता ठाऊक होता.

याचा अर्थ कायदा निरुपयोगी आहे असा नाही. कायदा जेथे प्रत्यक्ष यंत्राजवळ आणि नोंदवहीजवळ पोहोचतो, तेथे तो परिणामकारक ठरू शकतो. जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत कोल्हापूर जिल्ह्यात सोनोग्राफी यंत्रांना तपासणीची नोंद टिपणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला. त्याविषयी मतभेद झाले. पण त्याची दिशा यंत्राकडे होती, शब्दाकडे नव्हती. 'आमची मुलगी' या राज्याच्या संकेतस्थळाने तक्रारीसाठी इंटरनेटचाच उपयोग केला, हेही येथे नमूद केले पाहिजे. अडविण्याजोगे जे साधन आहे, तेच कळविण्याचेही साधन आहे.

नांदेड जिल्ह्यातील नायगाव, बिलोली, देगलूर व धर्माबाद हा पट्टा तेलंगणाच्या बाजूचा आहे. जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याचा अधिकार जिल्ह्याच्या सीमेवर संपतो. शोधफलाला अशी सीमा नसते आणि निर्धाराने निघालेल्या कुटुंबालाही ती नसते. अशा पट्ट्यात दोन राज्यांच्या यंत्रणांमधील समन्वय हा शब्दांच्या यादीपेक्षा अधिक निकडीचा विषय ठरतो.

व्यक्तीचा हक्क आणि उलटलेली न्यायव्यवस्था

ज्या हानीवर शोधफलातून वगळणे हे साधन खरोखर चालते, ती व्यक्तीच्या नावाशी जोडलेली हानी होय. भारतात मात्र त्याच बाजूला कायदा दुबळा राहिला आहे. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला आणि त्यातील एका सहमतीच्या निकालपत्रात विस्मृतीच्या हक्काची चर्चाही झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निर्दोष सुटलेल्या एका व्यक्तीला अंतरिम दिलासा देताना निकालाचा दुवा शोधफलातून हटविण्यास सांगितले. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये माहिती खोडण्याचा हक्क आहे. पण तो मुख्यतः संमतीने दिलेल्या माहितीपुरता आहे. इतरांनी लिहिलेल्या मजकुराचा दुवा शोधफलातून वगळण्याची स्वतंत्र तरतूद त्यात नाही.

परिणामी चित्र उलटे झाले आहे. जेथे हे साधन अल्प उपयोगाचे आहे, तेथे सर्वोच्च न्यायालयाचा आदेश, मध्यवर्ती यंत्रणा आणि ३६ तासांची मुदत अशी व्यवस्था उभी राहिली. जेथे ते सर्वाधिक उपयोगाचे आहे, तेथे एखाद्या खेड्यातील निर्दोष सुटलेल्या माणसाला उच्च न्यायालयापर्यंत जाण्याशिवाय खात्रीचा मार्ग दिसत नाही.

समारोप

सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशी' हे नाव लाभलेल्या २८५ मुलींना जाहीर समारंभात नवी नावे देण्यात आली. नाव बदलल्याने मुलाची हाव संपली, असा दावा कोणी केला नाही. तरीही त्या कृतीत एक सभ्यता होती. नकोसे काय होते, हे सर्वांसमोर उच्चारले गेले. ज्यांचे नुकसान झाले, त्या मुली तेथे उपस्थित होत्या. आणि काढलेल्या नावाच्या जागी दुसरे नाव आले. शोधफलातून मजकूर वगळण्याच्या व्यवस्थेत या तिन्ही गोष्टींचा अभाव आहे. काय काढले ते उच्चारले जात नाही, ज्यांच्यासाठी काढले त्यांना ते कळत नाही आणि काढलेल्या जागी काहीच ठेवले जात नाही.

म्हणून तीन सुधारणा आवश्यक वाटतात. पैशाच्या जाहिरातीवरील बंदी कठोरपणे राबवावी. परंतु सर्वसाधारण शोधफलांबाबत शब्दयादीऐवजी विशिष्ट पानाविरुद्ध कारणासहित निर्णय व्हावा. तो निर्णय मजकुराच्या भाषेत, त्या राज्यातील जाणकारांच्या मदतीने व्हावा आणि त्याची नोंद जनतेला पाहता यावी. तसेच ज्या शब्दांवर अडवणूक होते, त्या शब्दांखाली कायद्याची व तक्रारीची माहिती मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रथम दिसावी. असे झाले तर सहज शोधणाऱ्याला निषिद्ध वस्तूऐवजी मदतीचा पत्ता मिळेल. निर्धाराने निघालेल्याला थांबविण्याचे काम मात्र पडद्यावर होणारे नाही. ते सोनोग्राफी केंद्राच्या नोंदवहीत आणि घराच्या उंबरठ्याआतच करावे लागेल. नकोसा मजकूर नाहीसा झाला म्हणून नकोशी मुलगी हवीशी होत नाही, हे ध्यानात ठेवूनच या आदेशांचे यशापयश मोजले पाहिजे.